हळदगल्लीतले चष्मे

माझ्या चष्म्यावर डाग आहेत, हे मला कुणी सांगायची गरज नाही. चौथीत असताना नाकावर चष्मा चढला, तेव्हापासून मी डागांतूनच जग बघत आलेय. कुकरचं झाकण उघडलं की वाफ. पुऱ्या तळायला घेतल्या की तेलाचा शिंतोडा नेमका डाव्या काचेच्या मधोमध. पदराने पुसावा तर डाग जात नाही, नुसता पसरतो. साबणाने धुवावा तर थेंब वाळून ठिपके उरतात. चष्म्याबरोबर मिळालेलं ते मऊ फडकं पहिल्याच आठवड्यात गायब होतं आणि थेट दिवाळीच्या साफसफाईत सापडतं, तोवर चष्माच बदललेला असतो. शाळेत मुलं मला 'ढापणी' म्हणायची. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा कुंकवाच्या ओल्या अक्षता काचेला चिकटलेल्या होत्या आणि नवऱ्याचं पहिलं दर्शन मला अर्धंच झालं. त्यावरून हे अजून मला चिडवतात.

त्यातून आमचं घर सांगलीच्या हळदगल्लीत. खाली हळद दळायचा कारखाना, वर आम्ही. इथली भिंत पिवळी, कबुतरं पिवळी, सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी पिवळट. मी हर्षदा मगदूम, वय सत्तावन्न, कारखान्याचं ऑफिस सांभाळते. हे माल खरेदीला इरोडला आणि कुठेकुठे फिरत असतात, म्हणजे हमालांशी आणि गाडीवाल्यांशी भांडायचं काम माझंच. मला ते आवडतंही.

माझ्या लहानपणी वर्गात चष्मा लावणारे दोघे-तिघे. आता गल्लीत विशीच्या आतलं एकही नाक मोकळं नाही. पोरं जन्मली की पडदा बघतात, ऊन बघत नाहीत, मग डोळ्यांचा गोल लांबुळका होतो आणि लांबचं दिसेनासं होतं. डॉक्टर वर्षानुवर्षं ओरडत होते, कुणी ऐकलं नाही. सगळ्यांना चष्मा लागला आणि सगळ्यांना तो पुसायचा कंटाळा आला. म्हणून 'नितळ' निघाला. आणि तो निघाला त्या पुण्यातल्या कंपनीत आमचे जावई नोकरीला.

दिवाळसणाला सासऱ्यांनी जावयाला काही द्यायचं असतं. आमच्या मिहीररावांनी उलट मलाच डबी दिली.

"आई, हा लावा. आता आयुष्यात पुन्हा चष्मा पुसायला नको."

"कसा काय?" मी म्हटलं. "आत मोलकरीण बसवलीय?"

ते हसले, पण समजावून सांगितलं मनापासून. माणूस चांगला आहे, ते मी कधीच नाकारलं नाही. नितळची काच सेकंदाला हजारो वेळा थरथरते, इतकी बारीक की आपल्याला कळत नाही. पाणी आणि धूळ त्या थरथरीने झटकली जाते. पण बोटांचं तेल, कढईची वाफ, चिकट डाग झटकले जात नाहीत. तिथे दुसरी युक्ती. फ्रेमवर मोहरीएवढे कॅमेरे असतात. आपण मान वळवली की समोरचं जग सरकतं, डाग मात्र जागच्या जागी राहतो. जे सरकत नाही तो डाग, हे चष्म्याला कळतं. मग काचेत लाखो बारीक ठिपक्यांचा एक थर असतो, त्यातला त्या जागेचा ठिपका डागाच्या विरुद्ध रंगाचा होतो. पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा घालवायला आपण नीळ घालतो, अगदी तसंच.

"म्हणजे डाग जात नाही," मी म्हटलं. "दिसायचा बंद होतो."

"आई, फरक काय पडतो?"

"पाहुणे यायच्या आधी पसारा कपाटात कोंबला म्हणून घर आवरलं असं होत नाही, मिहीरराव."

ईशानीने, म्हणजे माझ्या लेकीने, डोळे वटारले. "मम्मी, तू ना! त्यांनी एवढ्या हौसेनं आणलाय. आणि तुझा चष्मा बघ, त्यातून तुला आमची तोंडं तरी दिसतात काय?"

"दिसतात की. डागांसकट दिसतात."

डबी मी कपाटात ठेवली. ह्यांनी मात्र स्वतःचा नितळ लगेच चढवला आणि आठ दिवस घरभर "काय स्वच्छ दिसतंय गं" करत फिरले. हळूहळू सगळ्या गल्लीने घेतला. हमालांनी घेतला, शाळेने सक्तीचा केला, समोरच्या चौगुल्यांकडे तर सासूपासून सुनेपर्यंत सगळ्यांच्या नाकावर तोच. फोनने फोटो काढायचे दिवस तर कधीच संपले होते. चष्माच फोटो काढायचा आणि चष्म्यातूनच माणसं एकमेकांशी बोलायची. गल्लीत जुना चष्मा उरला तो एक माझा. लोक मला बघून कीव आल्यासारखं हसायचे. हसू देत. माझं नाक, माझी काच, मी पुसेन नाहीतर नाही पुसणार.

ईशानी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली. आली आणि दुसऱ्याच दिवशी वरणावरून आमची जुंपली.

"मम्मी, हळदगल्लीत राहून वरणात हळद नाही? पांढरंफटक दिसतंय," म्हणाली आणि अर्धा चमचा हळद वरून टाकली. माझ्या डोळ्यांना वरण नेहमीसारखं फिकट पिवळं होतं. घास घेतला तर तोंड कडू झालं. तिलाही कडू लागलं, पण माझी लेक आहे, तोंड वाकडं न करता गिळलं. मी मनात म्हटलं, पोटुशी बाईच्या जिभेचा काय भरवसा, आणि विषय सोडून दिला.

मुलगा झाला. मिरजेच्या दवाखान्यात, सुखरूप, केसांनी भरलेलं डोकं घेऊन. तिसऱ्या दिवशी तपासून घरी सोडलं तेव्हा सगळं ठीक होतं. मिहीरराव रजा काढून आले. हे इरोडला अडकले होते, तिथूनच चष्म्यातून नातू बघून रडत होते.

पाचवा दिवस उजाडला. आमच्याकडे त्या संध्याकाळी पाचवी पुजतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. त्या दिवशी बाळ-बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. मी सकाळीच पाट-पाणी काढून ठेवलं आणि बाळाला आंघोळीला घेतलं.

पायावर आडवं घातलं आणि हात थांबला. बाळ पिवळं दिसत होतं.

हळदगल्लीत आयुष्य काढलेल्या बाईला पिवळं दिसलं तर ती आधी काय म्हणेल? हळद म्हणेल. आम्ही बाळाला डाळीचं पीठ आणि हळद लावतो, पिढ्यान्‌पिढ्या. मी म्हटलं, कालची राहिली असेल. पण परवा घरी सोडतानाच डॉक्टरबाईंनी रागावून हळद बंद करायला लावली होती, म्हणून काल मी नुसत्या साबणाने धुतलं होतं. मग म्हटलं, चष्मा. काढला, भांड्याच्या साबणाने धुतला, कोरड्या पंच्याने पुसला. बाळ पिवळंच. चष्मा काढून खिडकीशी नेलं. अंधुक दिसलं, पण पिवळंच. पोटावर बोट दाबून उचललं, तर बोटाखालची जागाही पिवळी. आणि पोर आंघोळीला रडलं नाही. इतकी शहाणी बाळं मला आवडत नाहीत.

"ईशानी, हा पिवळा पडलाय. कावीळ आहे."

ती उशीला टेकून बसली होती. तिने बाळाला घेतलं, खालीवर पाहिलं. "कुठं गं? गुलाबी तर आहे. मिहीर, बघ की."

मिहीररावांनी पाहिलं. "छान रंग आहे, आई."

"दूध कधी प्यायला?"

"झोपतोच आहे सारखा. शांत बाळ आहे, नशीब समज," ईशानी म्हणाली.

"शांत नाही, सुस्त आहे. डॉक्टरबाईंना लाव."

तिने चष्म्यातूनच मिरजेला फोन लावला. डॉक्टर मुजावर मुलांच्या डॉक्टर, अनुभवी बाई, हात हलके आणि बोलणं गोड. भिंतीवरच्या पडद्यावर त्या आल्या. ईशानी बाळाकडे बघत होती आणि ईशानी बघेल तेच त्यांना दिसत होतं. त्यांनी डोळे उघडून दाखवायला सांगितले, पाय दाखवायला सांगितले.

"मला तर पिवळेपणा दिसत नाही, आजी," त्या म्हणाल्या. "थोडी कावीळ बहुतेक बाळांना होतेच, आपोआप जाते. दूध पाजत राहा, उद्या आणून दाखवा."

"मला आज दिसतंय ते उद्या कशाला दाखवू?"

"मम्मी!" ईशानी लाजली. फोन बंद झाल्यावर ती भडकली. "तुझा चष्मा पिवळा झालाय! घासून घासून काचेचा थर गेलाय, त्यात हळद मुरलीय. सगळ्या गल्लीला माहीत आहे. बाळाला कशाला नावं ठेवतेस?"

मिहीरराव समजुतीने बोलले, ते मला जास्त झोंबलं. "आई, राग मानू नका. मागच्या तपासणीत तुम्हाला मोतीबिंदूची सुरुवात सांगितली होती ना? त्यात सगळं पिवळट दिसतं. डोळ्याच्या आतलं भिंगच पिवळं होतं. तुम्ही काच कितीही धुतली तरी..."

खरं सांगते, क्षणभर मलाच माझी शंका आली. कारण ते म्हणत होते ते शास्त्र बरोबर होतं. दोन शिकलेली, तरुण माणसं एक सांगतायत, डॉक्टर तेच सांगतेय, आणि उलट बाजूला मी एकटी, डागाळलेला चष्मा आणि पिकलेले डोळे घेऊन. मला रडू आलं, रागाने आलं. त्या रागातच मी स्वयंपाकघरात गेले, वाटीभर दूध आणलं आणि बाळाच्या गालाला लावून धरलं.

दूध पांढरं होतं. गाल पिवळा होता.

"मिहीरराव," मी म्हटलं, "माझा मोतीबिंदू दुधाला सोडून तुमच्या पोरालाच धरतोय होय?"

"आई, मला दोन्ही..." ते वाटीकडे बघत थांबले. "मला दोन्ही नीटच दिसतंय."

"कारण तुम्ही बघतच नाही. तुमचा चष्मा बघतो." आणि मी ईशानीच्या नाकावरचा नितळ ओढून काढला.

ती किंचाळली. तिचा नंबर उणे आठ. चष्मा काढला की तिला हातभर अंतरावरचं माणूस ओळखू येत नाही. "मम्मी, दे इकडं! माझ्या मांडीवर बाळ आहे, मला काही दिसत नाही!"

"लांबचं दिसत नाही. जवळचं दिसतं. उचल त्याला. नाकाला नाक लाव."

"वेड लागलंय तुला—"

"उचल म्हणतेय ना!"

तिने उचललं, मला गप्प करायला म्हणून उचललं असेल. बाळाचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर आला. उणे आठ नंबरवाल्याला देवाने तेवढी एक जागा स्वच्छ ठेवलेली असते. पाच दिवसांत पहिल्यांदा ती आपल्या लेकराला काचेशिवाय बघत होती. तिने अंगठ्याने त्याची पापणी उचलली.

"मम्मी," ती हळू आवाजात म्हणाली. "डोळेपण पिवळे आहेत गं."

मिहीररावांनी स्वतःचा चष्मा काढला, वाकून पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली. पाचवीचं पाट-पाणी तसंच राहिलं. सटवाईला काय लिहायचं ते दवाखान्यात येऊन लिहू दे, असं मी जिन्यात मोठ्याने बोलले.

मिरजेत रक्त तपासलं. ईशानीचं रक्त ओ, बाळाचं बी. अशा वेळी आईच्या रक्तातून आलेल्या घटकांमुळे बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि त्यातून पिवळं द्रव्य साचत जातं. थोडं असलं तर लिव्हर निस्तरतं. जास्त झालं तर ते मेंदूत शिरतं, आणि तिथे गेलेलं परत येत नाही. बाळ बहिरं होतं, कधी जन्माचं अपंग होतं, कधी जातं. डॉक्टर मुजावरांनी हे सांगताना काही लपवलं नाही. आकडा धोक्याच्या रेषेवर होता. संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर अंगातलं सगळं रक्त बदलावं लागलं असतं.

बाळाला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. निळा उजेड कातडीतून आत जातो आणि त्या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलून ते शरीराबाहेर टाकता येण्याजोगं करतो. मी काचेला हात लावून उभी होते. निळ्याने पिवळं खरोखर जाताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि चष्म्यातल्या निळ्याने ते नुसतं दिसेनासं केलं होतं. मला इतका संताप आला की नर्सने बसायला खुर्ची दिली.

"पण मला पिवळं का दिसलं नाही?" डॉक्टर मुजावर मिहीररावांना विचारत होत्या. "मला जे दाखवलं त्यावर मी सांगितलं. मला खोटं पाडलंत तुम्ही."

मिहीरराव कॉरिडॉरमध्ये बसून तासभर कंपनीच्या यंत्रणेत डोकावत होते. मग माझ्याजवळ येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"आई, आम्ही त्याला 'शेजार' म्हणतो," त्यांनी सांगितलं. एका भागातले सगळे नितळ डागांबद्दल शिकलेलं एकमेकांना देतात, म्हणजे नव्या माणसाला वाट बघावी लागत नाही. हळदगल्लीत हळद फक्त काचेवर नसते. ती हवेत असते, भिंतीवर असते, कपड्यांवर असते. लोकांना ती आवडत नव्हती. चष्म्याने चुकून जगावरचा पिवळेपणा पुसला की लोक फ्रेमवरच्या 'छान'च्या बटणाला बोट लावायचे. मग चष्मे शिकले की या गल्लीत फिकट पिवळं म्हणजे डाग, कुठेही असो. गडद पिवळं राहू दिलं, झेंडू झेंडूच दिसतो. फिकट तेवढं गेलं, काचेतूनही आणि चष्म्याने डॉक्टरबाईंना पाठवलेल्या चित्रातूनही. ईशानी पुण्याहून आली त्याच दिवशी तिच्या चष्म्याने शेजाऱ्यांकडून हे उचललं, आणि मिहीरराव आले तसं त्यांच्याही.

"म्हणून तिला माझं वरण पांढरं दिसत होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"म्हणजे गल्लीतल्या कुठल्याही आईला पिवळं बाळ गुलाबी दिसणार."

"मी साहेबांना सांगितलंय. चूक मान्य आहे. आठवड्याभरात दुरुस्ती येईल." ते अडखळले. "पण तोवर बाहेर बोलायचं नाही असं सांगितलंय. पुढच्या महिन्यात सगळ्या राज्याच्या शाळांना नितळ जाणार आहे. मी बोललो तर नोकरी जाईल, आणि वर खटला."

"आठवडाभर? काविळीला निरोप पाठवू का, जरा दमानं घे म्हणून?"

"आई, मी काय करू?"

"समोरच्या चौगुल्यांच्या सुनेला आपल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मुलगी झालीय, मिहीरराव. ती काय तुमच्या साहेबांची कुणी लागत नाही, म्हणून थांबू?"

डॉक्टर मुजावर म्हणाल्या, माझ्याकडे जन्मलेली तिकडची बाळं मी आत्ता बोलावते, पण सगळी माझ्याकडे कुठे जन्मतात? चौगुल्यांची नात दुसऱ्या दवाखान्यातली. मी चौगुलेबाईंना फोन केला, खराखुरा, जुना फोन. त्यांनी ऐकून घेतलं आणि खळखळून हसल्या.

"अहो हर्षदाताई, आमचं बाळ गुलाबाच्या फुलासारखं आहे. तुम्ही आधी तुमचा चष्मा पुसा बघू."

फोन ठेवला. अजून दोन घरी केला. तिथेही तेच, शब्द थोडे वेगळे. तेव्हा मला कळलं की जन्मभर मी डागाळलेला चष्मा मिरवला त्याची शिक्षा मला आज मिळतेय, आणि ती त्या पोरांनी का भोगावी? माझ्या शब्दाला गल्लीत वजन नव्हतं. वजन एकाच माणसाच्या शब्दाला होतं.

"चला," मी मिहीररावांना म्हटलं.

"कुठे?"

"कारखान्यावर. बाळाजवळ ईशानी आहे, डॉक्टर आहेत. आपलं इथं काही काम नाही."

ईशानीने आम्हाला जाताना पाहिलं. ती चष्म्याशिवाय बसली होती, नवऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. सगळं ऐकलं होतं तिने. "मिहीर," ती म्हणाली, "नोकरी दुसरी मिळेल. तू जा."

कारखान्याच्या गच्चीवर आमचा भोंगा आहे. गाड्या लागल्या की त्यावरून हमालांना हाक मारायची, अमुक नंबरची गाडी दारात घ्या, तमुक पोती उचला. सगळ्या गल्लीला आणि मागच्या दोन गल्ल्यांना ऐकू जातो. दिवेलागणीची वेळ होती. घराघरांत माणसं परतलेली, खाली हमाल पोती लावत होते, सगळ्यांच्या नाकांवर नितळ, सगळे पिवळे आणि कुणालाच ते दिसत नव्हतं.

मी माइक सुरू केला आणि मिहीररावांच्या हातात दिला.

"मी काय बोलू?"

"खरं ते. थोडक्यात. लोकांना लांबड आवडत नाही."

त्यांनी खाकरून घसा साफ केला. मग गल्लीभर त्यांचा पुणेरी आवाज घुमला, आधी बारीक, मग मोठा.

"मी मिहीर. मगदूमांचा जावई. तुमच्या नाकावरचा नितळ चष्मा बनवणाऱ्यांत मी आहे. या गल्लीत तो चष्मा पिवळा रंग लपवतो. माझ्या मुलाची कावीळ त्याने माझ्यापासून लपवली. माझा मुलगा आत्ता दवाखान्यात आहे. ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी चष्मा काढा आणि बाळाकडे उजेडात बघा. मला बोलायला मनाई केली होती. मी बोललो. चष्मा काढा."

ते पुन्हा म्हणाले, आणि मग पुन्हा. खाली एका हमालाने चष्मा काढून आपले हात बघितले. दुसऱ्याने भिंत बघितली आणि शिवी हासडली. मिहीररावांच्या खिशातल्या चष्म्यात साहेबांची हाक वाजत होती. त्यांनी चष्मा बाहेर काढला, बंद केला आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवून दिला. मला त्या क्षणी त्यांचा जो अभिमान वाटला तो मी अजून त्यांना सांगितलेला नाही. डोक्यावर बसतील.

समोरचं दार उघडलं. चौगुल्यांची सून, स्वप्ना, बाळ छातीशी धरून, बिनचष्म्याची, भिंतीला हात लावत उंबऱ्याबाहेर आली. मागून तिच्या सासूचा आवाज येत होता, अगं पाचवी व्हायची आहे, अगं बाहेर नको, त्या बाईच्या नादाला लागू नकोस. मी जिना उतरून धावतच खाली गेले.

"काकू," तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं, "काकू, ही पिवळी आहे का हो? तुम्ही बघा ना."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मला नको विचारू. माझा चष्मा घाण आहे. तूच बघ. जवळ घे, आणखी जवळ. काय दिसतंय?"

तिने लेकीला चेहऱ्याशी नेलं. सासू दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या नाकावर नितळ चकचकत होता. "गुलाबी आहे," ती म्हणाली. "मला धडधडीत दिसतंय."

स्वप्नाने मागे वळूनही पाहिलं नाही.

"पिवळी आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"माझी मुलगी आहे, काकू. मी सांगते, पिवळी आहे."

"मग बस गाडीत," मी म्हटलं आणि दार उघडलं.